आवाज न करता जाणारं पाणी

नळ गळत नव्हता. चहाचा कप हातात धरून सिगितास ओट्यापाशी उभा होता आणि मघापासून त्याला चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीच्या तशाच खिडक्या होत्या, खाली कोणीतरी गाडीच्या काचेवर गोठलेलं दव खरवडत होतं, राईच्या पावाचा तुकडा फळीवर होता, सगळं जिथल्या तिथे होतं. आणि तरी स्वयंपाकघर कोणा दुसऱ्याचं वाटत होतं. मग त्याच्या लक्षात आलं. मोरीतल्या पत्र्यावर पडणारा तो थेंब नव्हता. दोन-अडीच वर्षं तो थेंब पडत होता, त्याची बायको झिता त्याच्याखाली रात्री स्पंज ठेवायची, आणि सिगितास दर आठवड्याला म्हणायचा, रविवारी बघतो. वनखात्याच्या कचेरीत तर ही गोष्ट थट्टेची होऊन बसली होती. अर्ध्या जिल्ह्यातल्या ओढ्यांचा आवाज बंद करणारा माणूस, आणि घरचा नळ काही त्याला बंद होईना. तोही हसायचा त्यावर. हसण्यासारखंच होतं ते. त्याने तोटीखाली बोट धरलं. बोट कोरडं राहिलं.

"नळ थांबलाय," तो म्हणाला.

"हो. काल माणूस बोलावला होता," झिता आतल्या खोलीतून म्हणाली.

"कशाला? मी करणार होतो ना."

"हो ना."

त्या 'हो ना'त टोमणा असेल म्हणून तो थांबला. टोमणा असता तर त्याला उत्तर होतं, कामाचा व्याप, पावसाळी दिवस, कचेरीतली कटकट. पण टोमणा नव्हता. दुकानात सुटे परत देताना बोलतात तितक्याच सुरात ती बोलली होती. "तीनच्या आत येशील ना?" तिने विचारलं. "नाहीतर मी ट्रॉलीबसने जाईन स्टँडवर. माझं काही अडत नाही." तो म्हणाला, येतो म्हटलं ना, आणि रबरी बूट काखेत मारून निघाला. दाराकडच्या बोळात तिची बॅग उघडी पडली होती, दोन दिवस तिथेच होती. तिच्यावरून पाय टाकताना त्याला वरती घडी घातलेला करडा स्वेटर दिसला आणि कडेला खोचलेले तपकिरी सँडल दिसले. डोळ्यांनी पाहिलं ते सगळं. डोळ्यांना काय, दिसेल ते पाहतात.

कौनास शहर मागे पडलं तशी धुक्यातून पाइनची झाडं दिसू लागली. टपावर बांधलेला काळा पाइप वळणावर कुरकुरत होता. झिता क्लाइपेदाला निघाली होती, बहिणीकडे, हिवाळ्यापुरती. ओनाची तिथे बेकरी होती, नाताळच्या गर्दीला तिला हात हवा होता, आणि झिताची शाळा मुलं नाहीत म्हणून गेल्या वर्षी बंद झाल्यापासून ती घरीच होती. यात न पटण्यासारखं काय होतं? मान्तास, त्यांचा मुलगा, नॉर्वेहून फोनवर म्हणाला, जाऊ दे ना बाबा तिला, तिथे समुद्र आहे, माणसं आहेत. सिगितास म्हणाला, मी कुठे अडवतोय. आणि खरंच त्याने अडवलं नव्हतं. याचंच त्याला आता, रिकाम्या रस्त्यावर गाडी चालवताना, कसंतरी होऊ लागलं. मागच्या हिवाळ्यात ती किती बोलायची. तू जेवताना ऐकत नाहीस, तू झोपताना ऐकत नाहीस, तुझे कान त्या ओढ्यावर ठेवून येतोस आणि इथे नुसतं धड आणतोस. एकदा तिने बशी आपटली होती, चांगली निळ्या काठाची. तो तेव्हा वैतागायचा, बाहेर जाऊन सिगारेट ओढायचा. मग एप्रिलच्या सुमाराला ते थांबलं. भांडण असं काही झालंच नाही, एक दिवस ती बोलली नाही, मग दुसऱ्या दिवशीही नाही, आणि जेवणं शांततेत होऊ लागली. ती बीटचं सार वाढायची, वर उकडलेला बटाटा ठेवायची, तो खायचा. निवलं एकदाचं सगळं, असं त्याला वाटलं होतं. वाटलं होतं कसलं, सुख झालं होतं त्याला. कचेरीत त्याने कोणालातरी सांगितलंही होतं, आताशा घरी बरं चाललंय.

सालोमेया म्हातारीचं घर रानाच्या कडेला, ओढ्याला अगदी लागून. ती फाटकातच उभी होती, डोक्याला रुमाल, अंगात मेलेल्या नवऱ्याचा कोट, हातात काठी, आणि तोंड आधीच चालू. तळघरात पाणी आलं, बटाटे नासायला लागले, गाजरं तर फेकलीच, वनखात्याला तीनदा फोन केला तेव्हा कुठे साहेबांना सवड झाली. सिगितास म्हणाला, मावशी, परवा येऊन जाळी लावून गेलो ना मी. ती म्हणाली, जाळी लावून पाणी कमी होतं का रे, मग मीही माझी चाळण बुडवून ठेवते. तो हसला आणि बुटांना जोडलेली रबरी विजार छातीपर्यंत ओढून पाण्यात उतरला. गार पाण्याने रबर पायांना चिकटलं. बांध जुना होता, चांगला खांद्याएवढा, चिखल आणि काटक्या आणि दातांनी सोललेले बर्चचे ओंडके. वरच्या अंगाला तळं पसरलं होतं आणि त्यात ठिकठिकाणी मेलेली झाडं उभी होती. पलीकडे काटक्यांच्या ढिगाचं बीव्हरांचं घर, हा बांध घालणाऱ्या जनावरांचं. बीव्हर दिवसा आतच असतात. पण त्याला नेहमी वाटायचं, आत कोणीतरी कान देऊन बसलंय.

काम सोपं होतं. बांधाला एक खाच पाडायची, पाइप आडवा घालायचा, त्याचं एक तोंड वर तळ्यात जाळीच्या पिंजऱ्यात, दुसरं खाली ओढ्यात, आणि खाच त्याच काटक्यांनी, त्याच चिखलाने पुन्हा बुजवून टाकायची. तळं हातभर उतरतं, माणसाचं तळघर कोरडं होतं, जनावर जिवंत राहतं. सगळी मेख एकाच गोष्टीत होती. खालचं तोंड पाण्यात बुडलेलं हवं. बुडलं की पाणी निमूट जातं. वर राहिलं तर पडतं, पडलं की वाजतं, आणि वाजलं की ते येतात. हे त्याला व्लादासने शिकवलं होतं, त्याच्या पहिल्या साहेबाने, आणि तेही उलट्या बाजूने. तेव्हा पाइप नव्हते. व्लादास दुपारी आकड्याने बांध फोडायचा आणि बंदूक मांडीवर घेऊन झाडाआड बसायचा. येतोच बघ तो, व्लादास म्हणायचा, त्याला ऐकवतच नाही. उजेड असला तरी येतो, माणसाचा वास आला तरी येतो. आणि तो यायचाच, पाण्यावर नाकाची रेघ ओढत, तोंडात फांदी धरून, सरळ त्या आवाजाकडे. सिगितासने त्या मांसाचा रस्सा खाल्लाही होता शिकाऱ्यांबरोबर, जुनिपरची बोरं घातलेला, आणि चांगला लागला होता. पण ती फांदी त्याच्या मनातून कधी गेली नाही. म्हणून पाइप आले तेव्हा जिल्ह्यात सगळ्यांत आधी त्याने ते शिकून घेतलं, आणि आवाज न करता पाणी नेण्यात त्याच्याइतका हात कोणाचा बसला नाही. वरचं तळं रोज बोटभर उतरायचं आणि ते बिचारे बांधावर फिरून जायचे, सगळं ठीक आहे, कुठे काही वाजत नाही.

"मग त्यांना कळतच नाही?" सालोमेयाने विचारलं. ती काठावर उलट्या बादलीवर बसली होती.

"नाही. म्हणून तर टिकतं हे."

"दारातलं पाणी चाललंय आणि कळत नाही?"

"ऐकू आलं तर कळणार ना, मावशी. ते पाहत नाहीत, ऐकतात. आवाज येतो तिथे लिंपतात. शांत असलं की निवांत."

म्हातारीने काठी चिखलात रोवली. "लबाडी आहे ही," ती म्हणाली. "माझा नवरा बंदूक घेऊन बसायचा, तो काही देवमाणूस नव्हता, पण निदान धडाका तरी व्हायचा. आणि तू अगदी गरीब तोंड करून पाण्यातून पाणी चोरतोस. माझ्या घरातून कोणी काही नेत असेल ना, तर भांडी पाडत न्यावं, असं मला वाटतं. मी उठून दोन शिव्या तरी देईन."

"तुम्हालाच हवं होतं ना तळघर कोरडं?"

"हवं होतंच. अजून हवंय. म्हणून लबाडीला लबाडी म्हणू नये की काय?" मग तिने रुमालाची गाठ आवळली. "दोघं आहेत रे. संध्याकाळी निघतात. एक काटकी आणतो, दुसरा थापतो. मी खिडकीतून बघत असते. टीव्हीवर काय असतं मेलं."

त्याने खाच पाडली. पाणी मोकळं झालं आणि खदखदा हसल्यासारखं खाली धावलं, त्याने घाईने पाइप सारला, आणि त्या आवाजात, कमरेएवढ्या पाण्यात उभा असताना, त्याला ते सँडल दिसले. सकाळी बॅगेत होते ते आता दिसले. तपकिरी, एका पट्ट्याचं बक्कल बदललेलं, समुद्रकाठी निदाला घेतलेले, वाळूत चालायला म्हणून. ऑक्टोबर चालू होता. ओनाच्या बेकरीत हिवाळ्यापुरती मदत करायला निघालेली बाई सँडल कशाला घेते? आणि नळ कशाला दुरुस्त करून जाते? करडा स्वेटर, सँडल, म्हणजे मधले सगळे ऋतू बॅगेत होते. त्याचे हात आपोआप काटक्या रचत होते, चिखल दाबत होते, आणि तो मात्र एप्रिलपासूनची एकेक जेवणं आठवत होता. जूनमध्ये तिने भिंतीवरचं आईचं घड्याळ ओनाकडे दुरुस्तीला पाठवलं होतं. ते आलं नव्हतं. शिवणयंत्र उन्हाळ्यात गेलं, ओनाला हवंय म्हणाली. मेणबत्तीचे पितळी स्टँड कुठे होते? रोज बोटभर. आणि तो रोज घरभर फिरून झोपत होता, कुठे काही वाजत नाही. त्याला भयंकर थंडी वाजली. बांधावरून सालोमेया काहीतरी विचारत होती, त्याने झालं झालं म्हटलं, दगड लावला, आकडा उचलला आणि जवळजवळ पळतच गाडीकडे गेला. ती मागून ओरडली, "अरे, चहा तरी!" त्याने हात हलवला.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर त्याच्या लक्षात आलं, की पाइपाचं खालचं तोंड त्याने बुडवलंच नाही. तोंड दाबून ठेवायचा दगड चुकीच्या जागी, वर लागला होता. पाणी वाजत असणार, खळाळून वाजत असणार. अशी चूक त्याच्या हातून कधी झाली नव्हती, शिकाऊ माणसाचीसुद्धा होत नाही. पेट्रोल पंपापाशी त्याने गाडी हळू केली. परत फिरलं तर बस चुकणार होती. त्याने गाडी पुढे घातली. पण एकच कारण होतं असं नाही. फिरावंसं त्याला वाटलंच नाही.

झिता कोट घालून तयार होती. बॅग त्याने उचलली, ती वाटली त्याहून जड होती. गाडी निघाली. लाल दिव्याला, पुलावर, पुन्हा लाल दिव्याला, तो वाक्य जुळवत होता आणि ते तोंडाशी येऊन विरघळत होतं. स्टँडवर क्लाइपेदाची बस आधीच लागली होती. ड्रायव्हर खाली उभा राहून सूर्यफुलाच्या बिया सोलत होता. बॅग बसच्या पोटात गेली तेव्हा सिगितास म्हणाला, "सँडल का घेतलेस?"

झिताने त्याच्याकडे पाहिलं. गेल्या कित्येक महिन्यांत तिने असं पाहिलं नव्हतं. "दिसले तुला?"

"सकाळीच दिसले."

"मग सकाळीच का नाही विचारलंस?"

"मला वाटलं..." तो म्हणाला आणि थांबला, कारण त्याला काहीच वाटलं नव्हतं.

"दोन दिवस बॅग उघडी ठेवली होती मी बोळात," ती म्हणाली. "सँडल दिसतील असे कडेला ठेवले होते. तू ओलांडून जात होतास. काल संध्याकाळी तर बॅग पायाने सरकवलीस."

"थांब ना, झिता."

"तिकीट काढलंय."

"राहू दे तिकीट. मी... मी ऐकत नव्हतो. मला आज कळलं. आज, पाण्यात उभा असताना. मला तू हवी आहेस घरात. भांड हवं तर. बशा फोड."

तिचा चेहरा हलला. एक क्षण त्याला वाटलं, ती बॅग काढायला सांगेल. तिने हात वर केला, त्याच्या कॉलरवर वाळलेला चिखल होता, तो नखाने खरवडून काढला, नीट, सगळा. "हेच एप्रिलमध्ये म्हणाला असतास ना, तर मी रडले असते," ती म्हणाली. "किती बरं झालं असतं." मग ती पायऱ्या चढली. खिडकीशी तिला जागा मिळाली, पण पलीकडच्या बाजूची, त्यामुळे त्याला तिचा नुसता खांदा दिसत होता. बस मागे आली, वळली आणि गेली. ड्रायव्हरने सोललेल्या बियांची टरफलं जमिनीवर पडली होती. सिगितास ती पाहत बराच वेळ उभा राहिला.

घरी आल्यावर त्याने दिवा लावला नाही. खिडकीतून येणारा उजेड पुरेसा होता, आणि दिव्यात घर आणखी रिकामं दिसेल अशी त्याला भीती वाटली. भिंतीवर घड्याळाच्या जागी फिकट गोल होता. तो किती दिवस होता तिथे? झाकून ठेवलेल्या ताटलीत बटाट्याचे पोळे होते, बाजूला वाटीत दही. निघण्याआधी तिने ते तळले होते. त्याने एक पोळा उभ्या उभ्या खाल्ला आणि घास गिळता गिळता त्याला रडू आलं. त्याने ते थोपवलं नाही, इथे होतंच कोण. मग तो नळापाशी गेला आणि तोटी थोडी सैल करता येते का पाहू लागला. येईना. काल आलेल्या माणसाने काम चोख केलं होतं. तेवढ्यात फोन वाजला आणि त्याने तो झडप घालून उचलला. सालोमेया होती.

"अरे, तुझा पाइप बोंबलतोय," ती म्हणाली. "दारं लावली तरी ऐकू येतंय. पाणी धो धो पडतंय खाली."

"माहीत आहे, मावशी. माझीच चूक आहे."

"आणि ते दोघं आलेत. अजून नीट अंधारही नाही पडला. चिखल आणतायत, छातीशी धरून, माणसासारखा. एक येतो, एक जातो. तुझ्या त्या तोंडात कोंबतायत सगळं. सकाळपर्यंत तळघर पुन्हा भरेल ना माझं?"

"भरेल. उद्या मी येतो. आधी तुमचे बटाटे वर आणून ठेवतो, सगळे. मग पाइपाचं बघू."

"आत्ता येऊन हाकलत नाहीस त्यांना?"

"नको. करू दे त्यांना."

म्हातारी काहीतरी पुटपुटली, लबाडीचंच असावं काही. तो म्हणाला, "मावशी, फोन जरा खिडकीत ठेवाल? उघड्या खिडकीत?"

"ते कशाला?"

"ऐकायचंय."

माणसाच्या आवाजावरून तिलाही बरंच कळत असावं. "ठेवते बाबा," ती म्हणाली. "मला शेळीचं दूध काढायचंय. ऐक तू हवं तेवढं."

खडखड झाली, आणि मग पाणी आलं. छोट्याशा यंत्रातून, चाळणीतून गाळल्यासारखं, पण तेच, दगडावर उंचावरून पडणारं. सिगितास स्टुलावर बसला आणि फोन कानाला घट्ट धरला. सुरुवातीला ते एकसारखं होतं. मग त्यात काहीतरी आडवं येऊ लागलं, पाणी अडखळायचं, पुन्हा जोर करायचं. एकदा शेपटीचा फटका ऐकू आला, मग बराच वेळ काही नाही, बहुधा म्हातारीच्या चाहुलीने बुडी मारली असेल, आणि मग पुन्हा ते अडखळणं. कोण आणतोय आणि कोण थापतोय हे त्याला कळत नव्हतं, पण दोन वेगळ्या चाली होत्या, एक घाईची, एक सावकाश. पाणी बारीक झालं. समोरच्या इमारतीतल्या खिडक्या एकेक करून उजळल्या. क्लाइपेदाची बस आता अर्ध्या वाटेवर, सपाट शेतांमधून चालली असेल, आणि झिता काचेला डोकं टेकून झोपली असेल किंवा नसेल. पाण्याची धार झाली, धारेचे थेंब झाले. ते थेंब त्याने मोजले नाहीत, नुसते ऐकले. दोन थेंबांमधलं अंतर वाढत गेलं, आणि एका थेंबानंतर दुसरा आलाच नाही. तो तरी वाट पाहत राहिला. फोनमधून काही ऐकू येत नव्हतं आणि स्वयंपाकघरातही काही ऐकू येत नव्हतं.

बऱ्याच वेळाने खडखड झाली.

"अजून आहेस का रे तू?" सालोमेयाने विचारलं.

"आहे."

"बुजवलं बघ त्यांनी."

"हो," तो म्हणाला. "ऐकलं मी."